डिचोलीचा पाहुणा शहाजादा

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत शहाजादा अकबराच्या वाट्याला फार तर दोन वाक्ये येतात. औरंगजेबाचा हा मुलगा बापाविरुद्ध उठला आणि संभाजीराजांच्या आश्रयाला आला, हे पहिले. पुढे तो इराणात निघून गेला, हे दुसरे. या दोन वाक्यांच्या मध्ये जवळजवळ सहा वर्षे आहेत आणि सह्याद्रीच्या दोन्ही अंगांचा मुलूख आहे. सुधागडाच्या पायथ्याचे पाली, बांदा, वेंगुर्ले, डिचोली, राजापूर आणि आपल्या कोल्हापूरजवळचे मलकापूर, एवढ्या ठिकाणी तो राहिला किंवा फिरला. त्यांतल्या बहुतेक ठिकाणी त्याची खूणही आता सापडत नाही. डिचोलीला मात्र ती आहे.

गोव्यातील डिचोली शहरात नमाजगाह नावाची एक जुनी वास्तू आहे. नमाजगाह म्हणजे नेहमीची मशीद नव्हे. तिला छप्पर नसते, घुमट नसतो. उघड्या आभाळाखाली मोकळी जागा आणि पश्चिमेच्या अंगाला एक भिंत. तिच्याकडे तोंड करून ईदेच्या दिवशी साऱ्या गावाने एकत्र नमाज पढावा, एवढाच तिचा थाट. ही वास्तू शहाजादा अकबराने उभारली, आणि १६८३ साली या मुलखात मराठे व पोर्तुगीज यांच्यात जे युद्ध झाले त्याचे, त्यात धारातीर्थी पडलेल्यांचे ते स्मारक होय, असे परंपरेने सांगत आले आहेत. गोव्याच्या संरक्षित स्मारकांत तिची गणना होते.

दिल्लीच्या बादशहाचा मुलगा, मराठ्यांच्या छत्रपतीचा पाहुणा, आणि पोर्तुगीजांच्या वेशीवर उभी केलेली ही हुतात्म्यांची आठवण! या तीन गोष्टी एका जागी कशा आल्या हे समजायचे तर अकबराची जीवनकथा मुळापासून पाहिली पाहिजे.

एकाच सालचे दोन पोरके

अकबराचा जन्म औरंगाबादेत ११ सप्टेंबर १६५७ रोजी झाला. औरंगजेब त्या वेळी दख्खनचा सुभेदार होता. मूल महिन्याचेही झाले नव्हते तोच आई दिलरसबानू बेगम ८ ऑक्टोबरला वारली. औरंगाबादेतला बीबी का मकबरा तो तिचाच. काही महिन्यांतच औरंगजेब भावांशी झगडून तख्त मिळवण्यासाठी उत्तरेकडे निघाला. तान्ह्या अकबराला थोरल्या बहिणीने, झेबुन्निसेने सांभाळले. ती त्याच्याहून एकोणीस वर्षांनी मोठी, विदुषी आणि कवयित्री होती. बादशहाचेही या आईवेगळ्या मुलावर विशेष प्रेम होते.

त्याच १६५७ साली, अकबराच्या चार महिने आधी, पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला होता. तेही दोन वर्षांचे असताना आईला मुकले. दोघांचे बाप आपापल्या जागी असामान्य, आणि अशा बापाच्या सावलीत वाढणाऱ्या मुलाची जी घुसमट होते ती दोघांच्याही नशिबी आली. संभाजीराजे १६७८ च्या अखेरीस रुसून दिलेरखानाच्या गोटात गेले आणि वर्षभराने आपल्या पन्हाळ्यावर परतले. अकबर गेला तो मात्र परतला नाही. पुढे हे दोघे समोरासमोर बसले तेव्हा, बापाचे घर सोडणे म्हणजे काय, हे दोघांनाही स्वानुभवाने ठाऊक होते.

अकबर वाढला तो आलमगिरी दरबारात. तो अकरा वर्षांचा असता, १६६८ साली, बादशहाने दरबारातले गाणे बंद केले. १६७२ साली अकबराचे लग्न झाले. वधू सलीमाबानू ही सुलेमान शुकोहची मुलगी, म्हणजे दारा शुकोहची नात. दाराला १६५९ साली आणि सुलेमानला १६६२ साली औरंगजेबानेच संपविले होते. सासऱ्याचा आणि आजेसासऱ्याचा घात आपल्या बापाने केला, हे ज्ञान घेऊन या तरुणाने संसार मांडला. मोगलांच्या घरी राजपुत्रापुढे दोनच वाटा असतात, तख्त किंवा तख्ता, ही गोष्ट त्याला कोणी वेगळी शिकवायला नको होती.

अजमेरचे पंधरा दिवस

डिसेंबर १६७८ मध्ये मारवाडचा राजा जसवंतसिंह खैबरच्या तोंडाशी जमरूद येथे वारला. त्याला त्या वेळी मुलगा नव्हता. बादशहाने मारवाड ताब्यात घेतले. मागाहून जसवंतसिंहाच्या राणीला अजितसिंह झाला, परंतु त्याला गादी देण्यास बादशहाची तयारी नव्हती. एप्रिल १६७९ मध्ये हिंदूंवर जिझिया कर पुन्हा बसला. राठोड पेटून उठले. दुर्गादास राठोडाने तान्ह्या अजितसिंहाला दिल्लीतून सोडवून नेले, आणि मेवाडचा राणा राजसिंह राठोडांच्या बाजूने उभा राहिला. राजपुताना भडकला.

या युद्धात अकबराकडे चितोडचा कारभार आला. अरवलीच्या डोंगरात राजपूत अचानक छापे घालीत आणि धान्याचे तांडे मारून नेत. मोगल फौजेला ठाण्याबाहेर पडणे कठीण झाले. बादशहाने त्याला ठपका देऊन मारवाडच्या आघाडीवर पाठविले. तेथेही यश येईना. बापाची पत्रे बोचरी होत चालली, आणि समोरचा शत्रू मात्र निराळेच बोलू लागला. राजपुतांचे म्हणणे असे की, ज्यांच्या तलवारीवर हे राज्य उभे राहिले त्यांनाच तोडून बादशहा राज्य बुडवीत आहे. शहाजाद्याने तख्त घ्यावे, आम्ही पाठीशी राहू. अकबराचा सरदार तहव्वुरखान या बोलण्यांत मध्यस्थ होता.

१ जानेवारी १६८१ रोजी तेवीस वर्षांच्या अकबराने स्वतःला बादशहा म्हणून जाहीर केले. चार मुल्लांनी औरंगजेब शरीयतप्रमाणे राज्याला अपात्र झाल्याचा फतवा दिला. औरंगजेब तेव्हा अजमेरास होता आणि त्याची फौज चहूकडे पांगलेली होती. जवळ सारी मिळून दहा हजार माणसे, तीही कारकून-खिदमतगार धरून. अकबर नाडोलहून निघाला. मधले अंतर सुमारे एकशेवीस मैल. चार-पाच मजलांत झडप घातली असती तर हिंदुस्थानचा इतिहास कदाचित वेगळ्या अंगाने गेला असता. अकबराने त्या वाटेला पंधरा दिवस लावले. कधी ज्योतिषाने मुहूर्त सांगावा, कधी नव्या बादशहाने दरबार भरवून पदव्या वाटाव्या, अशात ते दिवस गेले.

गाण्यात समेची जागा चुकली की पुढची तान कितीही तयारीची असो, ती फुकट जाते. आम्हा गाणे शिकवणाऱ्यांना हे रोज दिसते. आवाज असतो, बुद्धी असते, पण हात उचलायचा तो क्षण सापडत नाही. अकबराचे सारे आयुष्य या एका चुकलेल्या समेचे आहे. त्या पंधरवड्यात औरंगजेबाकडे शहाबुद्दीनखान धावत येऊन मिळाला, मागून शहाजादा मुअज्जम मिळाला, आणि पारडे फिरले.

उरलेले काम म्हाताऱ्याच्या कपटाने केले. तहव्वुरखानाची बायकामुले बादशाही मुलखात होती. मुकाट्याने न आल्यास त्यांची विटंबना करू, असा निरोप त्याला गेला. तो रात्री बादशहाच्या छावणीकडे गेला आणि तेथे मारला गेला. त्याच रात्री अकबराच्या नावे लिहिलेले एक खोटे पत्र राजपुतांच्या हाती पडेल अशी व्यवस्था झाली. राजपुतांना तू उत्तम जाळ्यात आणलेस, आता उद्या त्यांना दोहींकडून कापून काढू, असा त्यातला मतलब. दुर्गादास ते घेऊन अकबराच्या तंबूशी गेला, तो शहाजादा झोपलेला, त्याला उठवू नका असा हुकूम. तहव्वुरखानाकडे जावे, तर तो बादशहाकडे निघून गेलेला. राजपुतांची खात्री पटली. सकाळी अकबर जागा झाला तेव्हा भोवती उरले होते अवघे साडेतीनशे स्वार. तारीख १६ जानेवारी १६८१. त्याच दिवशी इकडे रायगडावर संभाजीराजांना राज्याभिषेक होत होता.

तीन माणसे

अकबराच्या पळाच्या कथेत तीन माणसे अशी आहेत, की त्यांनी त्याच्यासाठी फार मोठी किंमत दिली. पहिली त्याची बहीण झेबुन्निसा. भावाशी तिचा पत्रव्यवहार सापडला म्हणून बादशहाने तिची जहागीर-तनखा जप्त केली आणि तिला सलीमगडावर कैदेत घातले. १६०० ते १७०० या शतकाच्या उत्तरार्धातली ही नामांकित कवयित्री एकवीस वर्षांनी, १७०२ साली, त्या कैदेतच वारली. भावावर माया केली, एवढाच तिचा गुन्हा.

दुसरा दुर्गादास. खोट्या पत्राचे कपट लक्षात येताच त्याने अकबराला आपल्या पदराखाली घेतले. साऱ्या मोगल फौजा पाठीवर आणि प्रत्येक नदीच्या उतारावर पहारे. त्यातून दुर्गादास त्याला डुंगरपूर, बांसवाडा, माळवा असा वळसे घालीत घेऊन निघाला. मे १६८१ मध्ये नर्मदा ओलांडली, मग बऱ्हाणपूरच्या बाजूने तापी, मग खानदेश-बागलाण, आणि १ जूनच्या सुमारास हे चार-पाचशे राजपूत शहाजाद्याला घेऊन स्वराज्यात, पालीला पोचले. अकबराची दोन लहान मुले दुर्गादासाने मारवाडात आपल्या माणसांपाशी ठेवली. पुढे काही वर्षांनी त्यांतली मुलगी औरंगजेबाकडे परत गेली. नातीला धर्मशिक्षण मिळाले नसणार म्हणून बादशहाने शिक्षिका नेमावयाचे काढले, तर मुलीने सांगितले की, दुर्गादासाने आपल्यासाठी मुसलमान शिक्षिका ठेवली होती आणि कुराण आपल्याला पाठ आहे. आयुष्यभर ज्याच्याशी लढला त्या राठोडाविषयी बादशहाला त्या दिवशी काय वाटले असेल ते त्याचे त्यालाच ठाऊक.

तिसरे संभाजीराजे. त्यांच्यापुढे हा पाहुणा आला तो कोणत्या वेळी? शिवछत्रपतींना जाऊन वर्ष झालेले, घरात गादीचा तंटा ताजा, जंजिऱ्याचा सिद्दी छातीवर बसलेला. अशा वेळी औरंगजेबाच्या बंडखोर मुलाला ठेवून घेणे म्हणजे बादशहाला स्वतः दक्षिणेत येण्याचे आमंत्रण देणे होते. राजांनी घाईने मिठी मारली नाही. आलेला खरोखर बंडखोर आहे की बापाचा नवा डाव, हे पारखायला त्यांनी काही महिने घेतले. त्या मुदतीत अकबराची परीक्षा आपोआप झाली. संभाजीराजांविरुद्ध कट करणाऱ्यांनी त्याला आपल्याकडे ओढण्यासाठी पत्र लिहिले; ते पत्र त्याने राजांकडे पाठविले, अशी हकीकत आहे. कट फुटला आणि अण्णाजी दत्तो वगैरे मंडळी हत्तीच्या पायी गेली. नोव्हेंबर १६८१ मध्ये पालीजवळ राजे आणि शहाजादा भेटले. त्याच महिन्यात औरंगजेब बऱ्हाणपुरास दाखल झाला. पुढे तो दिल्लीला कधीच परतला नाही.

आश्रयाची वर्षे

संभाजीराजांचा विचार मोठा होता. अंबरच्या रामसिंहाला त्यांनी संस्कृतात लिहविलेले पत्र उपलब्ध आहे. अकबराला आणि दुर्गादासाला आपण ठेवून घेतले आहे, सर्वांनी मिळून त्याला तख्तावर बसवावे आणि आपला धर्म सांभाळावा, असा त्याचा आशय. दिल्लीच्या गादीवर मुसलमान बादशहाच असेल, पण तो सर्वांचा धर्म चालू देणारा असेल, हा विचार त्यात आहे. अकबरानेही बापाला एक लांब पत्र लिहिले आणि राजपुतांचा पराक्रम व इमान वर्णून राज्य कसे नासले याचा पाढा वाचला. बापाने भावांशी जे केले तेच आपण बापाशी करीत आहोत, ही टोचणीही त्याने द्यायची सोडली नाही.

परंतु बेत आणि बळ यांची गाठ पडेना. संभाजीराजांना एकाच वेळी सिद्दी, मोगल आणि पुढे पोर्तुगीज यांच्याशी झुंजावे लागत होते. नर्मदेपलीकडे चढाई करायला फौज मोकळी कोठून काढणार? अकबराला हे पटत नव्हते. तो एकसारखा उत्तरेकडे चला म्हणे. आश्रय देणाऱ्याची अडचण आश्रिताला दिसत नाही आणि आश्रिताची तगमग देणाऱ्याला दिसत नाही. माझे वडील दरबारी गवई होते, त्यामुळे या गोष्टीची मला थोडी कल्पना आहे. ताटात वाढलेले असते, मानपानही असतो. पण दिवस जातो तो बोलावणे कधी येईल याची वाट पाहण्यात. कोकणच्या पावसात शाकारलेल्या घरात बसून तख्ताचे स्वप्न पाहणाऱ्या शहाजाद्याची ती अवस्था होती. त्याच्याजवळचा पैसा संपत आला होता. राजे देत तेवढ्यावर त्याचा लवाजमा चाले.

डिचोली

कंटाळून त्याने समुद्राची वाट धरायचे ठरविले. १६८३ साली तो बांद्याकडे आणि तेथून पेडण्याच्या मुलखापलीकडे डिचोलीला आला. आज हे सारे गोव्यात मोडते, पण तेव्हा तसे नव्हते. पोर्तुगीजांचा गोवा म्हणजे तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी. डिचोली त्यांच्याकडे गेली ती पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, १७८१ नंतर, आणि पेडणे १७८८ साली. अकबराच्या वेळी डिचोली हे मराठ्यांच्या हद्दीतले भरभराटीचे गाव होते आणि खाडीपलीकडे फिरंग्याची सत्ता होती. याच भागात नार्वे येथे शिवछत्रपतींनी १६६८ साली सप्तकोटेश्वराचे देऊळ पुन्हा बांधविले होते. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होते. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर भक्तांनी देव नदी ओलांडून अलीकडे आणला, त्याला महाराजांनी घर दिले. म्हणजे निर्वासित देवाला आणि निर्वासित शहाजाद्याला आसरा मिळाला तो याच तालुक्यात.

अकबर येथून गोव्याच्या व्हाइसरॉयशी पत्रव्यवहार करीत होता. व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर मोठा धूर्त. तो गोड बोले, पण औरंगजेबाला न दुखविता जेवढे करता येईल तेवढेच करी. इकडे त्याचे आणि संभाजीराजांचे फाटले होते. मराठ्यांनी उत्तरेकडे चौलला वेढा घातला, तेव्हा व्हाइसरॉय फौज घेऊन फोंड्याच्या किल्ल्यावर चालून आला. तोफांनी तट पडू लागला, तरी येसाजी कंक आणि त्याचा मुलगा कृष्णाजी यांनी किल्ला सोडला नाही. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संभाजीराजे स्वतः धावून आले आणि व्हाइसरॉय तोफा-सामान टाकीत मागे पळाला. त्याच महिन्याच्या २४ तारखेच्या रात्री मराठ्यांनी ओहोटी साधून जुवे बेट घेतले. परत घ्यायला आलेल्या व्हाइसरॉयचा असा धुव्वा उडाला की, तो जेमतेम जिवंत सुटला. गोवा शहर हवालदिल झाले. खुद्द व्हाइसरॉयने सेंट झेवियरच्या शवपेटीजवळ आपला अधिकारदंड ठेवून नगराचे रक्षण त्या संतावर सोपविले.

याच धामधुमीत, नोव्हेंबरमध्ये, अकबर वेंगुर्ल्याला एका इंग्रज कप्तानाच्या जहाजावर चढला होता. शिडे उभारायची तेवढी बाकी होती. कवी कलश आणि दुर्गादास यांनी जाऊन त्याची समजूत घातली आणि त्याला उतरवून आणले. मग लढाईच्या अखेरीस तोच मध्यस्थ झाला. इटालियन प्रवासी निकोलाव मनुची याला व्हाइसरॉयने संभाजीराजांकडे बोलणी करायला पाठविले, आणि जानेवारी १६८४ मध्ये अकबर व कवी कलश यांच्या मध्यस्थीने तहाचे ठरले. बंडखोर म्हणून साऱ्या हिंदुस्थानात हाकारलेला हा तरुण छत्रपती आणि पोर्तुगीज यांच्यामध्ये शब्द टाकीत होता, आणि त्याचा शब्द दोन्हीकडे ऐकला जात होता. त्याच्या आयुष्यात पार पडलेले असे हे एकच राजकारण दिसते.

नमाजगाह ही याच युद्धाची आठवण. संभाजीराजांच्या फौजेत आणि आरमारात मुसलमान होते. शिवछत्रपतींच्या वेळेपासूनचा आरमाराचा अधिकारी दौलतखान याचे नाव सर्वांना ठाऊक आहे. अकबराचे थोडके लोकही होते. फोंड्याच्या तटावर, जुव्याच्या चिखलात, बारदेशाच्या वाटेवर जे पडले त्यांत निरनिराळ्या जातींचे आणि धर्मांचे लोक होते. मेलेल्यांच्या नावे आपल्याकडे छत्री किंवा वीरगळ उभी करतात. शहाजाद्याच्या नावाने जी आठवण चालत आली ती मात्र प्रार्थनेच्या जागेची आहे. दिल्ली-आग्र्याच्या घराण्यात स्वतःच्या नावाचे मकबरे बांधण्याची केवढी हौस! त्याच घराण्यातला, खिशात दमडी नसलेला हा माणूस डिचोलीला ज्या वास्तूने ओळखला जातो ती त्याच्या स्वतःसाठी नाही, दुसऱ्यांसाठी आहे.

तहाची शाई वाळते न वाळते तोच अकबराचा थोरला भाऊ मुअज्जम, ज्याला शहाआलम म्हणत, मोठी फौज घेऊन रामघाटाने कोकणात उतरला. संभाजीराजांनी आणि अकबराने बाजूला होऊन फौज वाचविली. शहाआलमने डिचोली लुटून उद्ध्वस्त केली. एका भावाने जेथे आसरा घेतला ते गाव दुसऱ्या भावाने जाळले. परंतु पुढे अन्न मिळेना, रोगराई पसरली, आणि परतीच्या वाटेवर घाटात त्याची माणसे व जनावरे हजारोंनी मेली. उपाशी, खंगलेली फौज कशीबशी अहमदनगरला पोचली.

मलकापूर ते मशहद

त्यानंतरची तीन वर्षे अकबर आपल्या बाजूला होता. घाटमाथ्यावरच्या मलकापुरात त्याचा मुक्काम असे. कवी कलशाचेही तेथे येणेजाणे होते. १६८६ साली त्याने शेवटचा प्रयत्न केला आणि काही फौजेनिशी मोगल मुलखावर चालून गेला. चाकणजवळ त्याला मागे रेटण्यात आले. त्याच वर्षी विजापूर पडले. गोवळकोंड्यावरही ढग जमले. आता दख्खनमध्ये आपल्यासाठी काही उरले नाही हे त्याला उमगले. फेब्रुवारी १६८७ मध्ये राजापूरच्या बंदरातून तो इराणकडे निघाला. बरोबर चाळीस-पंचेचाळीस माणसे होती. दुर्गादास त्याला निरोप देऊन मारवाडला परतला आणि पुन्हा अजितसिंहासाठी लढू लागला. १७१८ साली तो उज्जैनला वारला. क्षिप्रेच्या काठी त्याची छत्री आहे.

वादळाने अकबराचे जहाज मस्कतला लागले. तेथल्या इमामाने त्याला अडकवून ठेवले. शेवटी इराणच्या शहाने दटावल्यावर सुटका झाली आणि १६८८ च्या आरंभी तो इस्फहानला पोचला. शहा सुलेमानने पाहुणचार उत्तम केला, पण फौज देईना. बापाशी लढायला आम्ही मुलाला मदत देत नाही, बाप गेल्यावर भावांशी लढायचे असेल तेव्हा पाहू, असे धोरण. म्हणजे पुन्हा वाट पाहणे! अकबर हिंदुस्थानच्या सीमेच्या बाजूला खुरासानात जाऊन राहिला आणि बापाच्या मरणाची बातमी येण्याची वाट पाहू लागला. ती त्याला ऐकायला मिळाली नाही. औरंगजेबाच्या आधीच तो मशहदला वारला. औरंगजेब ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरला गेला. अकबराचा मुलगा नेकूसियर आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत वाढला, १७१९ साली त्याला काही महिने बादशहा म्हणून नाचविले गेले, आणि पुन्हा तो कैदेत जाऊन मेला.

हिशेब

अकबराला वीर म्हणता येणार नाही. बंडाच्या मुळाशी त्याच्या मनात तख्ताचा लोभ होता, ऐन वेळी त्याच्या अंगी आळस होता, आणि दुसऱ्याच्या तलवारीवर राज्य मिळविण्याची आशा त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. संभाजीराजांना त्याच्यापासून लाभ काय झाला, असे विचारले तर लाभापेक्षा हानीच मोठी दिसते. औरंगजेब सारे बळ घेऊन दक्षिणेत उतरला त्याच्या कारणांत अकबर हे एक मोठे कारण होते, आणि त्या वणव्यात मार्च १६८९ मध्ये राजांचीच आहुती पडली. त्यांच्याबरोबर कवी कलशही गेला.

तरी राजांनी शरण आलेल्याला परत दिले नाही. बादशहाशी तह करायला शहाजादा हे मोठे मोल होते, आणि ते देऊन काही वर्षांची उसंत मिळवता आली असती. राजांनी तो सौदा केला नाही. दुर्गादासाने केला नाही. झेबुन्निसेने भावाचे नाव टाकले नाही. एक मराठा, एक राठोड आणि एक मोगल शहाजादी यांनी एका दुबळ्या माणसासाठी आपले राज्य, आपला देश, आपले स्वातंत्र्य पणाला लावले. औरंगजेबाचे सत्तावीस वर्षांचे युद्ध आणि त्यात खचलेली त्याची बादशाही यांची सुरुवात जेथे झाली, तेथे असा एक शब्द पाळण्याचा प्रश्न होता, हे आपण विसरून जातो.

गोव्याच्या उत्तर टोकाला, बांद्याहून पेडण्यात शिरताना, पत्रादेवीला एक स्मारक लागते. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात पोर्तुगीजांच्या गोळ्यांनी पडलेल्यांचे ते आहे. तेथे हिंदुस्थानच्या दूरदूरच्या भागांतून आलेल्यांनी रक्त सांडले. त्याच मुलखात पुढे गेले की डिचोलीची नमाजगाह आणि नार्व्याचा सप्तकोटेश्वर. तिन्ही ठिकाणी कोणाला तरी घर सोडावे लागले, आणि कोणीतरी त्यांच्यासाठी उभे राहिले. गोव्याला जाणारे आपले लोक देवदर्शन करतात, समुद्र पाहतात आणि परततात. त्यांनी एकदा डिचोलीत थांबावे. तेथे पाहण्यासारखे थोडेच आहे: एक भिंत आणि मोकळे आभाळ. पण ज्या माणसाला बापाच्या साम्राज्यात पाऊल ठेवायला जागा उरली नव्हती, त्याला ही जागा एका मराठा राजाच्या भूमीत मिळाली, आणि त्याने ती आपल्यासाठी न ठेवता त्या भूमीसाठी मेलेल्यांना दिली, एवढे जाणून ती भिंत पाहावी.